गाडी एकच गेली

कलमांना नवा मोहोर धरायला लागलाय. म्हणजे संस्थेतून फोन येण्याचे दिवस जवळ आले. पण माझ्या डोक्यात अजून गेल्या मोसमातला एप्रिलमधला एक शुक्रवार आहे. तो लिहून काढल्याशिवाय नव्या मोसमाच्या कामाला हात घालवत नाही.

वाघोटण खाडीच्या काठावरच्या एका सहकारी संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. खाडीच्या एका बाजूला राजापूर तालुका, दुसऱ्या बाजूला देवगड. दोन्हीकडचे बागायतदार संध्याकाळपर्यंत आंबा आणून टाकतात, रात्री गाडी भरून वाशीला जाते, तिथला माल विकला की हिशेब येतो आणि संस्था त्यातून प्रत्येकाची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, काढते. बाहेरच्या माणसाला इथे एक गोष्ट सांगावी लागते. लाकडी पेटी तेवढीच असते, बदलतं ते फळ. मोठं फळ असेल तर पेटीत चारच डझन बसतात, बारीक असेल तर सात. त्यामुळे भाव पेटीला नसतो, ‘चार डझनी’, ‘पाच डझनी’ अशा प्रतीला असतो. एकाच माणसाचा एकाच दिवशीचा माल म्हणजे हिशेबात कधी एक ओळ, कधी चार.

डेटाबेसमध्ये हे असं मांडलेलं आहे: एक तक्ता बागायतदारांचा, एक पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीच्या पोटात दोन वेगळे तक्ते, एक विक्रीच्या ओळींचा आणि दुसरा खर्चाचा. खर्चाची बहुतेक वेळा एकच ओळ असते, कारण कारकून भाडं आणि हमाली एकत्र करूनच टाकतो. कुणी आधी उचल घेतली असेल तर तिची दुसरी ओळ. हे ‘बहुतेक वेळा एकच’ पुढे फार महागात पडलं.

सगळं जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या एका तयार सांगाड्यावर, चालतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलं आणि 2005 साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं हे फ्रेमवर्क मला मनापासून आवडतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, न लिहिता ‘या पट्टीचा बागायतदार’, ‘या पट्टीच्या ओळी’ असं सरळ मागता येतं. पण आपण सहज ‘पट्टीच्या ओळी’ म्हणतो, तेव्हा आत प्रत्येक पट्टीसाठी डेटाबेसकडे वेगळी खेप होते, म्हणजे वेगळी क्वेरी. त्या आठवड्यात 214 पट्ट्या होत्या. यादी आणायची एक क्वेरी, मग प्रत्येक पट्टीमागे बागायतदार, विक्री आणि खर्च अशा तीन. एकूण 643.

शहरातल्या सर्व्हरवर 643 क्वेऱ्या सुद्धा कुणाच्या लक्षात येत नाहीत. आमच्याकडे माझ्या आधीच्या माणसाने ॲप्लिकेशन संस्थेतल्या संगणकावर ठेवलं होतं आणि डेटाबेस मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर. ‘डेटा सुरक्षित राहावा म्हणून.’ हेतू चांगला होता, मांडणी चुकीची होती. खाडीकाठच्या नेटवरून मुंबईला जाऊन यायला एका क्वेरीला साठेक मिलिसेकंद लागतात. 643 ला जवळजवळ चाळीस सेकंद. मोसम जोरात असताना, समोर रांग असताना, हिशेबनीस भाऊ दर वेळी चाळीस सेकंद पडद्याकडे बघत बसायचे. एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. पण मी समोर बसून ते बघितलं होतं.

गुरुवारी रात्री मी ते दुरुस्त करायला बसले. पुण्यातला माझा सहकारी म्हणाला, “सगळं एकाच क्वेरीत घे ना. ॲनोटेट कर, बेरजा डेटाबेसलाच करू दे.” सल्ला ऐकायला बिनचूक होता. पट्टीवर आम्ही तीनच आकडे छापायचो: एकूण विक्री, वजा खर्च, देणे. कागदाची बचत व्हावी म्हणून ओळी छापत नव्हतो. मग ओळी आणायच्याच कशाला? विक्रीची बेरीज आणि खर्चाची बेरीज एकाच ॲनोटेटमध्ये मागितली, बागायतदाराचं नाव सिलेक्ट रिलेटेडने त्याच क्वेरीत जोडून घेतलं. 643 ची एक झाली. पान डोळ्याची पापणी लवायच्या आत यायला लागलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या. सहकाऱ्याने बदल बघितला आणि ‘सुंदर’ असं लिहून मंजूर केला. मलाही तो सुंदर वाटला होता, अगदी मनापासून.

शुक्रवारी सकाळी भाऊंनी पट्ट्या छापल्या आणि वाटायला सुरुवात केली. दुपारी तीनच्या आत बँकेला फाईल द्यायची होती. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद. बागेतल्या गड्यांचे, राखणदारांचे पैसे त्याच दिवशी हातात पडायला हवे असतात.

अकराच्या सुमाराला देवगडच्या बाजूच्या एक काकी आल्या. साठीच्या पुढच्या, एकट्या बाग बघतात. हातात पट्टी आणि एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही. भाऊंच्या टेबलाशी न जाता थेट माझ्याकडे आल्या. नवीन छपाई माझी, हे त्यांनी विचारून घेतलं असावं.

“बाय गो, ह्या भाडा इतका कसा झाला? माझ्या वहीत दोन हजार सातशे पन्नास हत. गाडी एकच गेली. मगे भाडा तीनदा कित्याक?”

पट्टीवर खर्च 8250 होता. मी आधी मनात म्हटलं, कारकुनाने चुकून तीनदा टाकलं असेल. हे पहिल्यांदा मनात आलं याची मला आजही खंत वाटते. त्या माणसाचा यात काडीचा संबंध नव्हता. डेटाबेसमध्ये खर्चाची ओळ एकच होती, 25 पेट्यांची, पेटीला 110 रुपये. 2750. काकींचं बरोबर होतं आणि माझा कागद खोटा होता.

विक्रीच्या ओळी तीन होत्या. पाच डझनी 8 पेट्या, 2200 च्या भावाने, 17600. सहा डझनी 11 पेट्या, 1600 ने, पुन्हा 17600. सात डझनी 6 पेट्या, 1200 ने, 7200. एकूण 42400, आणि पट्टीवर हा आकडा बरोबर होता. ओळी तीन आणि खर्च तिप्पट, हे दिसलं आणि पोटात खड्डा पडला.

एकाच क्वेरीत दोन्ही तक्ते जोडले की डेटाबेस विक्रीच्या प्रत्येक ओळीसमोर खर्चाची प्रत्येक ओळ ठेवतो. काकींची खर्चाची एकच ओळ, पण ती पाच डझनीसमोर आली, सहा डझनीसमोर आली, सात डझनीसमोरही आली. मग बेरीज झाली. ज्याच्याकडे एकच प्रत आणि एकच खर्च, त्याचा हिशेब चोख. माझ्या सगळ्या चाचण्यांमध्ये तसाच बागायतदार होता: एक माणूस, एक प्रत, एक खर्च. असा माणूस मोसमाच्या सुरुवातीला दोन आठवडे सापडतो, एप्रिलच्या शेवटी नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी याच भागात वाढले आहे. आणि जँगोच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, की एकाच ॲनोटेटमध्ये अशा दोन बेरजा मागितल्या तर उत्तर चुकतं, कारण आत जॉइन होतात, म्हणजे तक्ते असे एकमेकांना जोडले जातात. मी ते पान कधीतरी वाचलंही होतं.

भाऊंना म्हटलं, “फाईल थांबवा. माझी चूक आहे.” त्यांनी वाटप बंद केलं, बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना चहा सांगितला आणि मला म्हणाले, “किती वाजेपर्यंत?” बाकी एक शब्द नाही.

सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “बेरजेत डिस्टिंक्ट ट्रू टाक, दोन मिनिटांचं काम आहे.” मी टाकलं. काकींचा खर्च 2750 आला, आणि विक्री 24800. डिस्टिंक्ट सारखे आकडे एकदाच मोजतो. काकींच्या दोन प्रती 17600-17600 च्या होत्या, त्यातली एक गायब. तीच पट्टी तपासायला समोर होती म्हणून कळलं. दुसरी कुठलीही उघडली असती तर ‘झालं’ म्हणून छपाई सुरू केली असती. माझा सहकारी हुशार आहे, माझ्यापेक्षा जास्त वाचलेला आहे. पण त्याच्या कामाचा कागद घेऊन त्याच्यासमोर कधी कुणी उभं राहत नाही, आणि त्याने तपासण्याच्या पद्धतीत फरक पडतो असं माझं मत झालंय.

काकी शेजारच्या खुर्चीत वही उघडून बसल्या होत्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. डाव्या पानाची बेरीज खाली, उजव्या पानाची खाली, आणि मग एका चौकटीत वजाबाकी. मी त्या दोन पानांकडे थोडा वेळ बघत राहिले. दोन याद्या वेगळ्या, बेरजा वेगळ्या, शेवटी एकदाच भेट.

जँगोमधलं प्रीफेच रिलेटेड हेच करतं. 2012 साली, जँगोच्या 1.4 आवृत्तीत ते आलं. ते जॉइन करत नाही. आधी पट्ट्या आणतं, मग त्या पट्ट्यांच्या क्रमांकांवरून सगळ्या विक्रीच्या ओळी एका क्वेरीत, सगळे खर्च दुसऱ्या क्वेरीत, आणि पायथनमध्ये ज्याचं त्याला लावून देतं. 214 पट्ट्या असोत की दोन हजार, माझ्यासाठी तीन क्वेऱ्या. बेरीज मग पायथनमध्ये, ओळींवरून. डेटाबेसमध्येच करायची तर दोन वेगळ्या सबक्वेऱ्या लिहूनही जमतं. पण मला आता ओळी हव्याच होत्या. त्या पट्टीवर छापायच्या होत्या.

घाईत तिथेही एकदा ठेचकाळले. उचल वेगळी दाखवायची म्हणून आणलेल्या खर्चावर फिल्टर लावला, आणि क्वेऱ्या मोजून दाखवणाऱ्या डीबग टूलबारवर 217 क्वेऱ्या दिसल्या. आणून ठेवलेल्या ओळींवर नवा फिल्टर लावला की जँगो त्या बाजूला ठेवून पुन्हा डेटाबेसकडे जातं, प्रत्येक पट्टीसाठी. म्हणून फिल्टर आधीच, प्रीफेच ऑब्जेक्टमध्ये द्यायचा आणि निकाल वेगळ्या नावाने ठेवायचा. तसं केलं. ओळींचा क्रमही तिथेच ठरवला, चार डझनी वर, सात डझनी खाली, जशी माणसं बोलताना सांगतात.

या वेळी मी चाचणीच्या बनावट माणसांवर विसंबले नाही. भाऊंनी जुन्या वीस पट्ट्या काढल्या आणि आम्ही दोघांनी कॅल्क्युलेटरवर ताडून बघितल्या. काकींच्या पट्टीवर 39650 आलं. त्यांनी वहीतल्या चौकटीवर बोट ठेवलं, कागदावर ठेवलं, आणि मान हलवली. सकाळच्या कागदावर 34150 होते. साडेपाच हजार, म्हणजे त्यांच्या पन्नास पेट्यांचं भाडं.

फाईल तीनला दहा मिनिटं असताना गेली.

मग सकाळच्या छापील पट्ट्या नव्याशी जुळवल्या. 214 पैकी 91 चुकल्या होत्या. त्यातल्या 74 माणसांना कमी पैसे गेले असते. दुपारपर्यंत त्यातल्या निम्म्यांनी कागद नेलेही होते, आणि विचारायला एकट्या काकी आल्या होत्या. हे मी सारखं मनात घोळवत असते. पान चाळीस सेकंद घ्यायचं तेव्हा सगळ्यांना कळायचं की काहीतरी बिघडलंय. ते झटकन उघडून चुकीचा आकडा दाखवायला लागलं, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. छापून आलेल्या आकड्यावर माणसं विश्वास ठेवतात, आणि तो विश्वास संस्थेने तीस वर्षं हाताने पट्ट्या लिहून कमावलेला होता. माझ्या प्रोग्रॅमने तो नुसता वापरला.

उरलेल्या 17 जणांना जास्त दाखवलं होतं. एक प्रत आणि उचलीमुळे खर्चाच्या दोन ओळी असल्या की उलटं व्हायचं, विक्रीच दुप्पट. त्यांच्याकडे कागद बदलायला मी स्वतः गेले. भाऊ शिपायाला पाठवत होते, मी नको म्हटलं.

शेवटचे एक आबा. राजापूरच्या बाजूला, उतारावरचं घर, खळ्यात रिकाम्या पेट्यांची रास. त्यांची विक्री 18000 ची होती, कागदावर 36000. मी बसले, पाणी घेतलं आणि सांगितलं की सकाळचा कागद चुकीचा आहे, चूक माझी आहे, आकडा निम्मा होणार आहे. त्यांनी हात वर केला आणि पडवीच्या वाशात खोचलेला कागद काढला. एकदा उघडून पुन्हा चार घड्या घातलेला.

“माका वाटला, भाव चढलो,” ते म्हणाले.

आतून त्यांच्या सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी नव्या पट्टीवरच्या ओळी एकेक करून वाचून दाखवल्या, प्रत, पेट्या, भाव, भाडं, उचल. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग नवा कागद माझ्या हातातून घेतला, न बघताच त्याच चार घड्या घातल्या, आणि वाशात त्याच जागी खोचून ठेवला.