सरांच्या वहीतले आकडे

सर दुकानात आले ते खिशात प्रोसेसर घेऊनच. रुमालात गुंडाळलेला आय5-8400. पुतण्याने नवा कॉम्प्युटर घेतल्यावर जुन्यातला काढून दिलेला. "हा एवढा बसवून दे. दोन्हीकडे 1151च आहे, मी बघितलंय."

सर गणिताचे निवृत्त शिक्षक. घरचा कॉम्प्युटर 2016 सालचा: सहाव्या पिढीचा आय3-6100, एच110 चिपसेटचा बोर्ड, 8 जीबी रॅम. 1151 हे सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या खाचेचं नाव. त्याचा घोळ आमच्या धंद्यात जुना आहे. सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट 1151, आठव्या-नवव्याचंही 1151. प्रोसेसर खाचेत छान बसतो, पण 8400 सारख्या आठव्या पिढीला बोर्डावर 300 मालिकेचा चिपसेट लागतो. एच110 वर पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते.

सरांचा चेहरा पडला. मग मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं, "प्रोसेसरचं सोडा सर, तुमची हार्ड डिस्क दमलीये. एसएसडी टाकू." हे वाक्य मी दिवसातून पाचदा तरी बोलतो. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं, म्हणूनच विचार न करता तोंडातून निघतं. त्याच संध्याकाळी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवून दिलं.

पाचव्या दिवशी सर परत हजर. या वेळी हातात वही.

"चालू व्हायला आधी 2 मिनिटं 10 सेकंद, आता 19 सेकंद. झकास. पण माझं काम बघ. आधी 1 तास 38 मिनिटं, आता 1 तास 36."

"कसलं काम?"

हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारलाच नव्हता. सर देवळातल्या कीर्तनाचं चित्रीकरण करतात, घरी बसून कापाकापी करतात आणि शेवटी व्हिडिओ बनवायला लावून जेवायला जातात. तासभर वेळ जातो तो तिथे.

कॉम्प्युटर मागवून घेतला आणि म्हटलं, घरी करता तसंच करा. कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून शेजारी बसलो. डिस्क 2 टक्के. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, 100, चारही चौकोन भरलेले. म्हणजे सरांचंच बरोबर होतं, अडत होतं ते प्रोसेसरपाशीच. सातव्या पिढीचा सेकंडहँड आय5 शोधायचा, असं मनात ठरवतही होतो. तेवढ्यात खाली जीपीयूच्या, म्हणजे चित्रं हाताळणाऱ्या भागाच्या, 'व्हिडिओ एन्कोड' या आलेखाकडे लक्ष गेलं. शून्य. सपाट रेघ.

सरांच्या आय3 मध्ये व्हिडिओ बनवण्यासाठी वेगळी सोय आहे, क्विक सिंक नावाची. ती इतकी वर्षं नुसती बसून होती, कारण सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडरची खूणच केलेली नव्हती. खूण केली. तेच कीर्तन 41 मिनिटांत तयार. फाइल थोडी मोठी झाली, बारकाईने पाहिलं तर चित्रही किंचित मऊ. मोबाइलवर पाहणाऱ्याला ते कळायचं नाही.

"एसएसडीचे पैसे परत देऊ का?" मी ओशाळून विचारलं.

"राहू दे. हिला लगेच चालू होणारा कॉम्प्युटर आवडलाय. पण विंडोज 11 चं काय?"

तो प्रश्न खराच होता. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 साठी मान्य प्रोसेसरांच्या यादीत आय3-6100 नाही. 8400 आहे. पुढेमागे 300 मालिकेचा बोर्ड मिळाला तर पुतण्याचा प्रोसेसर तिथे चालेल, असं सांगितलं. सरांनी वहीत '300' लिहून त्याला गोल केला आणि प्रोसेसर पुन्हा रुमालात गुंडाळायला लागले. तो मी हातातून घेतला आणि प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिला.