नवा फायरफॉक्स बसवाल, पण पुढचा कोण आणणार?

घरच्या आणि नात्यातल्या ज्या ज्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. कोणी नेमलं नाही. विंडोज काढून लिनक्स मीच टाकलं, तेव्हा आता निस्तरायचंही मीच, असा साधा हिशोब. मी अंबडला कंपनीत मेंटेनन्सला आहे, शनिवारी सुट्टी असते आणि त्यातला बराचसा वेळ कोणाच्या तरी स्क्रीनसमोर जातो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून तर गिऱ्हाईक वाढलंच आहे. फी म्हणून चहा, फार तर मिसळ. आणि सगळ्यात जास्त येणारी फर्माईश एकच, ब्राउझरची: ‘नवीन फायरफॉक्स टाकून दे.’

मी आधी विचारतो, कशाला हवाय? लोकांना हा प्रश्न टाळाटाळ वाटतो, पण उत्तरावर बरंच काही ठरतं.

पंचवटीतल्या आत्याचंच घ्या. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा फोन आला, “अरे, तुझ्या त्या मशीनवर जाहिराती यायला लागल्या. बुवा ऐन रंगात आलेत आणि मध्येच कर्ज घ्या, कर्ज घ्या! आता नवीन ब्राउझर का काय म्हणतात तो टाकायला लागेल, असं शेजारचा मुलगा म्हणतोय.” मी तिला डेबियन १२ हे लिनक्स बसवून दिलं होतं आणि फायरफॉक्सला युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन लावलं होतं. ते एका रात्रीत बंद पडलं, हे तिचं म्हणणं अगदी खरं होतं. फायरफॉक्समध्ये चालणारी ॲड-ऑन, तो बनवणाऱ्या मोझिलाने सही केलेली असतात आणि ती सही तपासायला ब्राउझरच्या पोटात एक मूळ प्रमाणपत्र असतं. त्या प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली. १२८ च्या आधीच्या फायरफॉक्सला, आणि लांब मुदतीच्या शाखेत ११५.१३ च्या आधीच्याला, त्यानंतर ॲड-ऑनची सही पटेना. आत्याकडे १०२ होता.

आता डेबियनने तिला १०२ वर ठेवलं होतं का? मुळीच नाही. अपडेटची खिडकी वर यायची आणि ती नेमाने बंद करायची, “काही बिघडायला नको” म्हणून. मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ एवढंच केलं. ॲप्ट म्हणजे डेबियनचं सॉफ्टवेअर आणून बसवणारं साधन. बऱ्याच वेळाने फायरफॉक्स १२८ होऊन आला, युब्लॉक जागा झाला, बुकमार्क जागेवर, पासवर्ड जागेवर. बाहेरून काहीही आणलं नाही. डेबियन देतं त्यापुढचं आत्याला आजही काही लागत नाही आणि मी देणारही नाही.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत बहुतेक सॉफ्टवेअर आवृत्ती प्रसिद्ध झाली त्या दिवशीच्या आकड्यावर थांबतं, पुढे फक्त सुरक्षेची ठिगळं लागतात. ब्राउझरला मात्र अपवाद आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं तेव्हा त्यात फायरफॉक्सची १०२ ही ईएसआर, म्हणजे लांब मुदतीची शाखा होती. तेच डेबियन पुढे ११५, १२८, १४० असं चढत गेलं. ईएसआरला साधारण वर्षाने नवे गुण मिळतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या फायरफॉक्सबरोबर दर चार आठवड्यांनीच येतात. म्हणून आकडा लहान दिसला की तो असुरक्षित, हे खरं नाही. १४० ची ईएसआर नियमित अपडेट होत असेल तर ती विसरून गेलेल्या १४२ पेक्षा जास्त भरवशाची.

जुन्या मंडळींना आठवत असेल, डेबियनमध्ये एके काळी फायरफॉक्स या नावाचा ब्राउझरच नव्हता. आइसवीझल होता. २००६ मध्ये नाव आणि बोधचिन्हावरून मोझिलाशी बिनसलं. डेबियनवाले स्वतः दुरुस्त्या करून पॅकेज बांधणार, आणि मोझिलाचं म्हणणं, आमचं नाव लावायचं तर बदल आम्हाला दाखवून करा. दहा वर्षं तो नावाचा संसार चालला, २०१६ मध्ये मिटला. मला त्यात दोघांचीही बाजू पटते. भांडण खरं तर दुरुस्ती कोणी पोचवायची आणि कोणाच्या नावावर, याचं होतं.

तोच प्रश्न भाच्याच्या कॉम्प्युटरवर वेगळ्या कपड्यांत भेटला. भाचा गंगापूर रोडला राहतो, इंजिनिअरिंगला आहे आणि वेबसाइट बनवायला शिकतोय. त्याला नवा फायरफॉक्स हवा होता आणि त्याचं कारण मात्र रास्त होतं. एकाच पानात एका दृश्यावरून दुसऱ्या दृश्यावर जाताना जो सफाईदार बदल दिसतो, त्यासाठीचं व्ह्यू ट्रान्झिशन तो वापरत होता. फायरफॉक्समध्ये ते १४४ पासून आलं. डेबियनच्या १४० मध्ये ते नाहीच. “मामा, माझ्याकडे तर एकदम लेटेस्ट आहे. मी मोझिलाच्या साइटवरूनच टाकलाय, तरी चालत नाही,” तो म्हणाला. दिवाळीची सुट्टी होती, बाहेर १४४ नुकताच आला होता. मदत मेनूतून फायरफॉक्सची माहिती उघडली. आकडा होता १३३, म्हणजे नोव्हेंबर २०२४ चा.

त्याने काय केलं होतं, तर टार फाइल, म्हणजे सगळ्या फाइलींचं एक गाठोडं, उतरवून घेतली, सुडो लावून (म्हणजे रूट या सिस्टीमच्या मालक-खात्याच्या हक्काने) ऑप्ट फोल्डरमध्ये उलगडली, मेनूत आयकॉन बसवला. नेटवर सगळीकडे हेच सांगतात आणि ते चुकीचंही नाही. त्या दिवशी त्याला खरोखर सगळ्यात नवा फायरफॉक्स मिळाला होता. पण सुडोने उलगडलेलं फोल्डर रूटच्या मालकीचं, आणि फायरफॉक्स चालतो भाच्याच्या नावाने. त्याला स्वतःच्याच फाइल बदलायची परवानगी नाही, त्यामुळे अपडेट बसत नाही. ॲप्टला तर हा फायरफॉक्स अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही, कारण तो त्याच्या हातून आलेलाच नाही. गॅसचा सिलिंडर आणि पाइपलाइन यातला जो फरक, तोच इथे: टार फाइल म्हणजे सिलिंडर, संपला की आणायला तुम्हीच जायचं.

तेच फोल्डर त्याने आपल्या होम फोल्डरमध्ये, आपल्या मालकीचं ठेवलं असतं तर फायरफॉक्सने स्वतःला अपडेट केलं असतं. एकट्याच्या कॉम्प्युटरला तो मार्ग चालतो. पण त्याच मशीनवर त्याच्या ताईचंही खातं आहे, म्हणून मी मोझिलाची स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी, म्हणजे ॲप्ट जिथून सॉफ्टवेअर आणतं तो साठा, जोडली. जानेवारी २०२४ मध्ये, फायरफॉक्स १२२ बरोबर, मोझिलाने डेबियन आणि त्यावरून बनलेल्या उबंटूसाठी, ॲप्टला चालणारी अधिकृत डेब पॅकेज द्यायला सुरुवात केली. त्याआधी लोक कुठल्या कुठल्या अनोळखी रिपॉझिटऱ्या जोडायचे, ते मला कधीच आवडलं नाही. ब्राउझरमध्ये आपले बँकेचे पासवर्ड असतात. तो कोणाकडून घ्यायचा याबाबत चोखंदळ राहायला संकोच कशाला?

काम फार नाही. मोझिलाची सही तपासायची चावी उतरवून कीरिंग्ज फोल्डरमध्ये ठेवायची. तिचा ठसा चाळीस अक्षरांचा असतो, तो मोझिलाच्या पानावरच्या ठशाशी ताडून बघायचा. ही पायरी सगळे गाळतात. मी भाच्याला ती मोठ्याने वाचायला लावली, शाळेत पाढे म्हणवून घ्यायचे तशी. मग रिपॉझिटरीची एक ओळ ॲप्टच्या सोर्सेस यादीत, ‘ॲप्ट अपडेट’, आणि फायरफॉक्स नावाचं पॅकेज. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पॅकेजचं नाव ‘फायरफॉक्स-ईएसआर’ असल्यामुळे दोघांची टक्कर होत नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. मराठी मेनू हवा असेल तर भाषेचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. शेवटी ऑप्टमधलं जुनं फोल्डर आणि त्याचा आयकॉन काढून टाकला, नाहीतर सवयीने तोच दाबला जातो.

नवा फायरफॉक्स उघडला आणि भाच्याचा चेहरा उतरला. बुकमार्क गायब, लॉगिन गायब. गेलं काहीच नव्हतं. मे २०१९ च्या ६७ पासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क आणि पासवर्ड ठेवायचं फोल्डर, देतो. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ लिहिलं की सगळी दिसतात, जुनं निवडून ते डीफॉल्ट करायचं. पण आधी त्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. कारण नव्या आवृत्तीने एकदा प्रोफाइल वापरलं की जुनी आवृत्ती ते उघडायला नकार देते आणि नवं कोरं प्रोफाइल बनवा म्हणते. वर चढायची वाट आहे, उतरायची नाही.

उबंटूवर आणखी एक गंमत आहे. कंपनीतला एक मित्र टेंडर भरतो, त्याला डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं. उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजच्या स्वरूपात येतो. स्नॅप आपलं आपण अपडेट होतं, ती बाजू उत्तम, पण ते बंदिस्त असतं आणि टोकनची लायब्ररी फाइल त्याला दिसत नव्हती. मोझिलाची रिपॉझिटरी जोडली तरी ॲप्ट पुन्हा स्नॅपच आणायचं. कारण उबंटूच्या नावापुरत्या, फक्त स्नॅप आणणाऱ्या पॅकेजच्या आवृत्तीपुढे ‘१:’ असा उपसर्ग आहे, आणि ॲप्टच्या हिशोबात तो कुठल्याही १४४ पेक्षा मोठा ठरतो. तिथे ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये मोझिलाला १००० चं प्राधान्य लिहून द्यावं लागतं. मोझिलाच्या सूचनांत ती पायरी आहे, पण लोक निरर्थक समजून सोडतात आणि मग मला फोन करतात.

पिंपळगावच्या मामांचं मशीन जुन्या, ३२ बिट प्रोसेसरचं. त्यांना नवीन काही मिळणार नाही, हे मी स्पष्ट सांगून टाकलं. ३२ बिट लिनक्ससाठी १४४ हा मोझिलाचा शेवटचा फायरफॉक्स. डेबियन १३ चा ३२ बिट इन्स्टॉलरही आता निघत नाही. १४० च्या ईएसआरवर अजून थोडे दिवस निघतील. “द्राक्षाचे पैसे आले की बघू,” मामा म्हणाले. बघू.

भाच्याकडे एक काम राहिलं होतं. डेबियनमध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाची सोय आहे, ती अपडेट आपोआप बसवते, पण मुळात फक्त डेबियनचीच. बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरीला ती हात लावत नाही. तिच्या सेटिंगमध्ये मोझिलाच्या साइटची ओळ मी घातली. पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्याचा मेसेज आला, नव्या टॅबमध्ये काही उघडत नाही, फायरफॉक्स परत सुरू करा असं पान येतंय, व्हायरस आहे का? चालू ब्राउझरच्या खालची फाइल बदलली की तो असं सांगतो, हे मी त्याला लिहिलं. “मग माझे चाळीस टॅब?” त्या पानावरूनच परत सुरू केलं की फायरफॉक्स ते उघडून देतो. त्याने तसं करून पाहिलं, सगळे आले, आणि त्यात त्याच्या ताईने उघडून ठेवलेला पैठणीचा एकही नव्हता, कारण तिचं खातं वेगळं.