जुनं घर ठाण्यात टिकवायचं तर

घर वारसा यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत, आलं की त्याला हात लावता येत नाही, हा समज अर्धवट आहे. हात किती लावायचा, हे यादीत घराला दिलेल्या श्रेणीवर ठरतं. पहिल्या श्रेणीत जवळपास फक्त जपणूक. दुसऱ्या श्रेणीत बाहेरचं रूप राखून आतले बदल चालतात, तिसरीत त्याहून मोकळीक. बहुतेक वेळा वारसा समितीचा सल्ला मात्र लागतो.

न वापरता येणारं चटईक्षेत्र (नियमाने मिळणारं बांधकामाचं क्षेत्र) टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, म्हणून मिळू शकतं. खरं आमिष तेच. वापरबदलाचीही सवलत असते: राहत्या घरात छोटं संग्रहालय किंवा खाणावळ. अर्जाआधी मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, प्रत्येक बाजूचे फोटो आणि आतले मापासह आराखडे तयार ठेवा. मालमत्ता पत्रकावर वारसदारांची नावं चढलेली नसली, तर गाडी तिथेच अडते. भाडेकरू असतील तर त्यांचे हक्क वेगळे, ते आधी सोडवा.

सगळ्यात मोठा घोळ संरचनात्मक तपासणीत, म्हणजे इमारत किती मजबूत उरली आहे हे पाहण्यात. रिबाउंड हातोडी, म्हणजे पृष्ठभागावर आपटून उसळीवरून मजबुती मोजणारं उपकरण, काँक्रीटसाठी असते. सागवानी खांब आणि चुन्याच्या भिंतीला ती लावून काय कळणार? अशा अहवालावर घर सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरलं तर पाडण्याची नोटीस आलीच. तुळईची भिंतीत गेलेली टोकं टोचून पाहणारा अभियंता शोधा, कूज तिथूनच सुरू होते.

आणि सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो. त्याऐवजी चुन्याचा गिलावा: एक भाग चुना, तीन भाग वाळू. घाई न करता सुकू द्यायचं.