दंडातला बेडूक

परवा दुपारी जरा आडवा झालो होतो. तेवढ्यात भाचा आला, बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि माझ्या नाकासमोर दंड धरला. "मामा, बेटकुळी बघ." सात वर्षांच्या दंडात बघण्यासारखं काय असणार! पण श्वास कोंडून, ओठ आवळून त्याने एवढी तयारी केली होती की दिसली म्हणणं भाग होतं. "दाब." दाबली. "कडक आहे ना?" आहे बाबा. मग त्याने हात सैल सोडला, बेटकुळी गायब झाली आणि तो स्वतःच तिला शोधायला लागला. कोपराखाली चाचपलं, काखेत पाहिलं. "कुठे जाते रे ती?"

माझं मन मात्र त्या शब्दातच अडकून बसलं. काही घरांत बेटकुळी म्हणतात, काही घरांत बेडकुळी. बेडकुळी म्हटलं की कातडीखाली दबा धरून बसलेला बेडूक लगेच दिसतो. रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला. 'मसल' ज्या लॅटिन शब्दातून आला, त्याचा अर्थ छोटा उंदीर. कोणाचं बरोबर, हे ज्याने त्याने बाही वर करून ठरवावं. मी बेडकाच्या बाजूचा. तसंही आपल्या बोलण्यातलं शरीर म्हणजे प्राणिसंग्रहालयच. दंडात बेडूक, पायाला मुंग्या, पोटात कावळे. शिवाय बेडकाचे आपल्यावर उपकार आहेत. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकांच्या तंगड्या विजेच्या ठिणगीने उडवून दाखवल्या आणि 1791 मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा कुठे स्नायूचा आणि विजेचा काही संबंध आहे हे माणसाच्या ध्यानात यायला लागलं.

"मामा, सांग ना."

कुठेही जात नाही, म्हटलं. दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धर. आता एका हाताची बोटं दुसऱ्याच्या फटींमधून आत सरकव. बोटांची लांबी तेवढीच राहिली, पण दोन्ही हात मिळून आखूड झाले की नाही? स्नायूच्या आत असेच धागे असतात, काही जाड, काही बारीक. धागा आखूड होत नाही, धाग्यात धागा सरकतो. आखूड झालेलं मांस मध्ये फुगतं, तीच तुझी बेटकुळी. (ही सरकासरकी 1954 मध्ये दोन जोड्यांनी वेगवेगळी ओळखली आणि दोघांचे लेख 'नेचर'च्या एकाच अंकात आले. दोन्ही जोड्यांत एकेक हक्सली होता, आणि ते एकमेकांचे कोणी लागत नव्हते. हे भाच्याला सांगितलं नाही. त्याला पुरे झालं असतं.)

यातली मला आवडणारी गोष्ट निराळीच आहे. स्नायूला फक्त ओढता येतं. ढकलणं त्याला जमतच नाही. तुम्ही जीव खाऊन कपाट ढकलता, तेव्हा दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू कोपराचं टोक मागून ओढत असतो, म्हणून हात सरळ होतो आणि कपाटाला वाटतं, आपल्याला ढकललं. पुढचा ओढतो तेव्हा मागचा सैल, मागचा ओढतो तेव्हा पुढचा सैल. सहाशेहून जास्त स्नायू आहेत हाडांना धरून, आणि सगळ्यांना एवढं एकच काम येतं. 'ढकला' असं लिहिलेलं दार मी जन्मभर ओढत आलोय. घरचे हसतात. आता निदान एवढं तरी म्हणता येईल की मुळात अंगातच ते नाही.

"मग जीभ कशी बाहेर येते?" भाच्याने विचारलं आणि ती काढूनही दाखवली.

मी गारच पडलो. जीभ पुढून ओढायला तिथे आहे कोण? पण आहे. हनुवटीच्या हाडाला आतून धरलेला एक स्नायू जिभेचा मागचा भाग पुढे ओढतो, तेव्हा टोक बाहेर पडतं. म्हणजे वेडावून दाखवणं हीसुद्धा ओढाओढीच.

मग मला दादाची पैज आठवली. तळहात जमिनीवर टेकवायचा, मधलं बोट दुमडून आत घ्यायचं आणि बाकीची बोटं एकेक करून उचलायची. अंगठा उठतो, तर्जनी उठते, करंगळीही उठते. अनामिका? जणू खिळा ठोकलाय. मी संध्याकाळभर त्या बोटाकडे डोळे वटारून बसलो होतो. दादा म्हणाला, "तुझ्यात इच्छाशक्तीच नाही." हे वाक्य मी बरीच वर्षं मनावर घेतलं. पुढे कळलं की बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये बसून कंडरांच्या दोऱ्यांनी बोटं नाचवतात. मूठ उघड-मीट करताना मनगटाजवळ त्या दोऱ्या सरकताना दिसतात. तर्जनीला आणि करंगळीला उचलणारा एकेक जादा स्नायू मिळालाय. अनामिकेला नाही, आणि तिची दोरी हाताच्या पाठीवर शेजारच्या दोऱ्यांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेली. मधलं बोट दुमडलं की तीही अडकली. दादाला फोन करून सांगावं असं अनेकदा वाटलं. तो म्हणेल, अजून तेच धरून बसलायस?

धरून बसण्यावरून आठवलं. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा आपण पाय झाडतो, अंगठा धरून पाऊल वर ओढतो आणि तो स्नायू काही केल्या सोडत नाही. आपल्याला वाटतं, जोर लागतो तो धरायला, सोडणं फुकटचं. आत तसं नाही. धाग्याला धरलेली पकड सुटायलासुद्धा दर वेळी इंधनाचा एक कण लागतो. तो मिळाला नाही तर पकड तशीच राहते. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठ होतं ते यामुळेच. एक-दीड दिवसाने पुन्हा सैल पडतं, पण ते कोणी सोडलं म्हणून नाही. धरणारंच मोडून पडतं म्हणून.

आजोबा गेले तेव्हा त्यांची मूठ चादरीवर आवळलेली होती. आईने ती उघडायचा प्रयत्न केला, मग नुसताच तिच्यावर हात ठेवला.

भाचा केव्हाच निघून गेला होता. मी उठलो, दार लोटलं आणि आरशासमोर बाही वर केली. श्वास कोंडला, ओठ आवळले. काहीतरी हललं खरं, पण ते दंडाच्या वर नाही, खाली. लोंबत.


"मामा, तू काय करतोयस?" दाराच्या फटीतून आवाज आला.

काही नाही, म्हटलं. बेडूक शोधतोय.