तुम्ही विचारलंत म्हणून: बावीस फोन रात्रभर चालू कशाला?

मागच्या खोलीतली मांडणी दिसली की प्रत्येक जण विचारतो, "एवढे फोन? आणि रात्रभर चार्जिंगला? भीती नाही वाटत?" शेजारच्या काकूंनी विचारलं, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या दादांनी विचारलं. परवा इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने विचारलं, त्याला स्वतःलाच अशी मांडणी लावायची आहे. म्हणून एकदा नीट सांगते.

भीती वाटते. मी नागपुरात राहते, मे महिन्यात इथे पारा ४५च्या घरात जातो.

मी कापूस-सोयाबीनचे बाजारभाव कळवणारं एक ॲप तपासते. ते ज्यांच्या हातात आहे त्यांचे फोन जुने, दोन जीबी रॅमचे. एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनमध्ये, सगळं सुरळीत चालतं. खऱ्या फोनवर मात्र कुठे 'शेतकऱ्यांना'मधला 'ऱ्यां' फुटतो, कुठे वरची वेलांटी कापली जाते. काही फोन तर बॅटरी वाचवायला ॲप परस्पर बंद करून टाकतात आणि सकाळचा भाव माणसाला कळतच नाही. बावीस निरनिराळे फोन त्यासाठी आहेत.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेलं राहणं. पहिल्या उन्हाळ्यात मी दोन्ही एकदम केल्या. एप्रिलच्या एका सकाळी एका फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसलं. आत वायू साठून बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्ज करून बघायची नाही. मी फोन बंद केला, सावलीतल्या उघड्या फरशीवर, लाकूड-कापडापासून लांब नेऊन ठेवला, तेव्हा हात थरथरत होते. आदल्या रात्री त्याच खोलीच्या भिंतीपलीकडे माझी आई झोपली होती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक फोनला त्याचा ताप विचारते. अँड्रॉइडला एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) 'डम्पसिस बॅटरी' असं विचारलं की तो तापमान अंशाच्या दशांशात सांगतो: ३८५ म्हणजे ३८.५ अंश. एक छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी सगळ्यांना विचारते. आकडा ४०० झाला, की त्या फोनचा वीजपुरवठा बंद. चार्ज ४० ते ७५ टक्क्यांच्या आत ठेवते. यूएसबी हब म्हणजे एका जोडणीवर अनेक फोन लावायचा डबा. एकेक पोर्ट वेगळा बंद करता येणं प्रत्येक हबला जमत नाही, हे विकत घ्यायच्या आधी बघा. माझा पहिला हब त्यामुळेच वाया गेला. रॅक लोखंडी, फोनांवर कव्हर नाही, दोन फोनांत बोटभर जागा. आणि कूलरचा झोत थेट फोनांवर नको. त्याच्या दमट हवेने चार्जिंगच्या पिना गंजतात.

'फोन ऑफलाइन' दिसलं की मी आधी केबल बदलते, बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. म्हणून फोनचा आणि केबलचा क्रमांक एकच ठेवलाय. संगणकातल्या एका यूएसबी कंट्रोलरवर कागदोपत्री १२७ उपकरणं चालतात, पण प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. मी फोन दोन संगणकांत वाटलेत. सगळ्यात जास्त छळलं ते वीज परत येण्याने. वीज जाते तेव्हा काही होत नाही. ती आली की उतरलेले सगळे फोन एकदम वीज ओढायला लागतात, हबचा ॲडाप्टर दबतो, निम्मे फोन यादीतून गायब. आता पोर्ट एकेक करून, दहा-दहा सेकंदांनी चालू होतात.

काकूंचा दुसरा प्रश्न त्याहून थेट होता: "यातून खोटे लाइक तर देत नाहीस ना?" नाही. विचारणा येते, पैशांसकट. २०१७ साली थायलंडमध्ये, कंबोडियाच्या सीमेजवळ, शेकडो आयफोन आणि तीन लाखांहून जास्त सिमकार्डं पकडली गेली, ती याच धंद्यातली. ॲपला किती तारे आहेत हे बघूनच शेतकरी ते उतरवून घेतो आणि त्यातल्या भावावर माल गाडीत भरतो. ते तारे मी बावीस बोटांनी दाबायचे? माझ्याच्याने होणार नाही.

सिम फक्त चार फोनांत आहे, चारही माझ्या नावावर. दूरसंचार विभागाच्या नियमाने एका माणसाला नऊ सिमची मर्यादा आहे, काही राज्यांत सहाची. दुसऱ्याचं ओळखपत्र लावून सिम घेणं हा तर सरळ गुन्हा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं, मी दर तीन महिन्यांनी बघते. चाचणीसाठी खऱ्या शेतकऱ्यांचे नंबर कधीच वापरत नाही. थकलेला फोन, आतली सगळी माहिती पुसून, अधिकृत ई-कचरा केंद्रात जातो, भंगारात नाही.

त्या मुलाला मी दोन जुने फोन आणि एक वही दिली. पहिल्या पानावर रकाने आखून दिले: क्रमांक, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), सिम कोणाच्या नावावर, बॅटरी कधी बदलली, आजचं तापमान. तो म्हणाला, "ताई, मला स्वस्तात आणखी पाच मिळतायत." मी म्हटलं, "थांब. आधी या दोघांना मे महिना काढू दे."