मांड ठोकून बसलेल्या माणसाखालून निघताना

आमच्या घरात कुस्ती होती. आप्पा साताऱ्याकडच्या तालमीत घडले, आणि पाठ जमिनीला लागू द्यायची नाही, हे मी समज येण्याआधीपासून ऐकत आले. दोन वर्षांपूर्वी ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका वर्गात ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर झटापट करून पकडीने समोरच्याला हार मानायला लावण्याचा खेळ, शिकू लागले, तेव्हा नेमकी हीच शिकवण आड आली. समोरचा छातीवर मांड ठोकून बसला, म्हणजे माउंटमध्ये आला, की मी विचार न करता पोटावर वळत असे. कुस्तीत त्यामुळे चितपट होणे टळते. इथे मात्र पाठ त्याच्या स्वाधीन होते, आणि मागून गळ्याभोवती हात आवळला गेला की टॅप करण्यावाचून, म्हणजे हाताने थोपटून हार मानण्यावाचून, गत्यंतर उरत नाही. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार माउंट तीन सेकंद टिकवल्यास ४ गुण मिळतात आणि दोन्ही पाय आत अडकवून पाठ पकडल्यासही ४च, त्यामुळे माझ्या त्या वळण्याने समोरच्याचे खाते दुप्पट होत असे.

पाठीवर राहूनच सुटायचे, हे मनाला पटायला मला सहा महिने लागले.

सुटकेची सुरुवात कोपरांपासून होते. वरच्या माणसाचे गुडघे हळूहळू काखेकडे सरकत असतात, आणि ते एकदा काखेत रुतले की त्याचे वजन आपल्या कमरेवरून छातीवर जाते. मग कंबर कितीही उचलली तरी तो हलत नाही. म्हणून कोपरे बरगड्यांना चिकटलेली हवीत. हात ताठ करून त्याची छाती ढकलण्याचा मोह प्रत्येक नवख्याला होतो, मलाही झाला, आणि त्या ताठ हाताचाच आर्मबार, म्हणजे कोपर उलटे ताणणारी पकड, झाला.

पुढचे दोन मार्ग सर्वश्रुत आहेत. पहिल्यात त्याचा एक हात छातीशी जखडायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवायचा, टाचा नितंबांजवळ ओढून कंबर उचलायची आणि त्या खांद्यावरून तिरके उलटायचे. सरळ वर उचलले तर तो फक्त पुढे झुकून हात टेकतो. दुसऱ्यात कुशीवर वळून कोपराने त्याचा गुडघा खाली रेटायचा, त्या फटीतून आपला गुडघा आत घ्यायचा आणि कंबर मागे सरकवत हाफ गार्ड (त्याचा एक पाय आपल्या पायांत अडकलेला), मग पूर्ण गार्ड (तो आपल्या दोन्ही पायांच्या मध्ये) मिळवायचा.

हे दोन वेगळे डाव म्हणून शिकवले जातात, ही माझी तक्रार आहे. खरे तर पहिला दुसऱ्याची वाट उघडतो. मी कंबर उचलते तेव्हा उलटू नये म्हणून तो एका बाजूला हात टेकवतो, आणि त्या क्षणी दुसऱ्या बाजूचा त्याचा गुडघा मॅटवरून जेमतेम दोन बोटे सुटतो. माझा गुडघा जाण्यासाठी तेवढी जागा पुरते, पण कंबर खाली येता येताच तो आत जायला हवा. आधी खाली टेकून, श्वास घेऊन मग प्रयत्न केला तर फट बुजलेली असते. माझे वजन ५४ किलो आहे आणि सरावाला बहुधा ७५ ते ८० किलोंची मुले असतात, त्यामुळे त्यांना उलटवणे मला क्वचितच जमते, पण ही दोन बोटे मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी मिळतात.

मागच्या दिवाळीत आप्पा घरी आले होते, तेव्हा हॉलमध्ये गादी अंथरून त्यांना हे दाखवले. मी मुद्दाम पाठीवर पडून राहते, हे त्यांना आधी मुळीच रुचले नाही. मग धाकट्या भावाला माझ्यावर बसवून मी तीनदा सुटले. आप्पा पायांकडे पाहत होते. ते म्हणाले, “उजवीकडनंच निघतेस. डावीकडनं काढ बघू.”

डावीकडून निघता आले नाही. तेव्हापासून दर शनिवारी सरावानंतर एका जोडीदाराला थांबवून मी तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या फक्त डाव्या बाजूच्या करते आहे.