न कापलेले दोरे

रविवार, रात्रीचे अकरा

चार साड्यांना फॉल लावून झाले. शेवटच्या साडीचे दोरे कातरताना हात थबकला. दुपारी मार्गारिता काब्रेरा या शिल्पकार बाईच्या कामाचे फोटो बघितले, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

ती १९७३ साली मेक्सिकोतल्या मॉन्तेरेला जन्मली, काम केलं अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये, एल पासोला. नदीपलीकडे मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेस शहर. तिथल्या माकिलादोरा कारखान्यांत अमेरिकेत विकायच्या वस्तू जोडतात. काब्रेराने मिक्सर, सायकली, एवढंच काय अख्खी फोक्सवॅगन बीटल गाडी व्हायनिलच्या, म्हणजे रेक्झिनसारख्या, कापडातून शिवली, आणि दोऱ्यांची टोकं कापली नाहीत. गाडीभर दोरे लोंबताहेत. आमच्याकडे चांगलं काम म्हणजे शिवणाऱ्या बाईचा मागमूसही उरता कामा नये. तिथे प्रत्येक टाक्यामागे कोणीतरी बसलेलं दिसतं.

२०१० पासून ती निवडुंगांची शिल्पं करतेय. कुंडी खरी, मातीची. निवडुंग मात्र अमेरिकेच्या सीमेवर गस्त घालणाऱ्या शिपायांच्या हिरव्या गणवेशांचा, खिसे तसेच ठेवलेले. त्यावर भरतकाम करणारी माणसं स्थलांतरित. सीमा ओलांडतानाच्या स्वतःच्या आठवणी त्यांनी टाक्यांत उतरवल्यात. जो गणवेश बघून कधी धडकी भरली असेल, त्याच्यातच सुई घालायची. पहिला टाका किती जड गेला असेल!

भरतकामाची रीत मेक्सिकोच्या हिदाल्गो राज्यातल्या तेनांगो दे दोरियाच्या ओतोमी आदिवासी लोकांची: रंगीत पक्षी, प्राणी, फुलं, गच्च भरलेली. १९६० च्या दशकात दुष्काळ पडला, शेती गेली, तेव्हा तिथल्या बायका हे भरतकाम विकू लागल्या. हे वाचलं आणि आजीच आठवली. बहात्तरच्या दुष्काळात दिवसा खडी फोडायची, रात्री चिमणीच्या उजेडात लोकांच्या गोधड्या शिवायची.

काब्रेराच्या निवडुंगांच्या शीर्षकात, कंसात, भरतकाम करणाऱ्याचं नाव असतं. त्या कंसाशी मी बराच वेळ अडकले होते. आजीच्या गोधड्या किती घरांत गेल्या, कोणाला माहीत असेल कोणी शिवल्या ते?

साडीचे दोरे कापले. ती गिऱ्हाइकाची आहे. मग ट्रंकेतून आपली गोधडी काढली. कडेचा धावदोरा अजून पक्का आहे. उद्या एका कोपऱ्यात आजीचं नाव भरायला घेते. लाल दोरा आहे घरात.